धरणाशेजारची तहान

मुंबईने पाण्यासाठी शहापूरकडे हात पसरला तो इंग्रजी अमदानीत. 1892 मध्ये तानसा तलाव झाला, 1957 मध्ये वैतरणेवर मोडकसागर आणि 1980च्या दशकात भातसानगरचे भातसा धरण. आज मुंबईचे जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते. या पाण्यावर शहर वाढले. धरणाखाली जमिनी गेल्या त्या मात्र इथल्या शेतकरी-आदिवासींच्या. पाणी उताराने मुंबईकडे जाते; उंचावरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्वांचा वाटा आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. शाश्वत विकास मोजायचा तर धरणाशेजारच्या हंड्यापासूनच मोजायला हवा.