स्त्रियांची स्नायुशक्ती आणि संप्रेरके

स्त्रीच्या स्नायूंची ताकद वय, आहार व श्रम यांच्याप्रमाणेच शरीरातील संप्रेरकांवर आणि पाळी, गर्भारपण, बाळंतपण व रजोनिवृत्ती या प्रजनन-इतिहासावरही अवलंबून असते. ती मोजण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे हाताच्या पकडीचे मापन. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषानुसार स्त्रीची पकड 18 किलोपेक्षा कमी भरल्यास ती दुर्बल समजली जाते.

संप्रेरकांचे कार्य

हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात. इजा झालेला स्नायू भरून काढणाऱ्या पेशी टिकवण्यात या संप्रेरकाचा वाटा असतो. उंदरांवरील प्रयोगांत अंडाशय काढल्यावर त्या पेशी घटल्याचे आढळले. टेस्टोस्टेरोन हे केवळ पुरुषी संप्रेरक नव्हे. अंडाशय व अधिवृक्क ग्रंथींतून ते स्त्रियांच्या शरीरातही अल्प प्रमाणात स्रवते.

प्रजनन-इतिहास

मासिक पाळीच्या निरनिराळ्या टप्प्यांत ताकदीत पडणारा फरक किरकोळ असतो. बाळंतपणांचा परिणाम मुख्यतः पोटाच्या व ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दिसतो. अधिक अपत्ये असलेल्या स्त्रियांची पकड कमी आढळली, तरी ते बाळंतपणांमुळेच असे म्हणता येत नाही, कारण गरिबी व अपुरा आहारही बहुधा सोबत असतो. रजोनिवृत्तीनंतर मात्र इस्ट्रोजेन झपाट्याने घटते आणि स्नायूंचा ऱ्हास वेग घेतो.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया

येथे एक फरक महत्त्वाचा आहे. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, पण अंडाशय संप्रेरके स्रवत राहतात. तरीही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. दोन्ही अंडाशयही काढल्यास ती तत्काळ येते. तिशीतल्या स्त्रीच्या वाट्याला मग पन्नाशीतील शरीरस्थिती येते आणि हाडेही ठिसूळ होऊ लागतात.

ऊसतोड कामगार स्त्रिया

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव व जामखेड हे तालुके बीड जिल्ह्याला लागून असून दोन्हीकडून मजूर ऊसतोडीला जातात. हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीने फेडायची असते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे यांत स्नायुबळ हीच मजुरी ठरते. खाडा झाला की दंड. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे यांवर उपचार घेण्याऐवजी गर्भाशय काढून टाकण्याकडे कल वाढला, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

2019 मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे सहांपैकी एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2015–16) 15 ते 49 वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3.2 टक्के होते. वयोगट वेगळे असल्याने तुलना काटेकोर नसली, तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. काम सुटू नये म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अनेकींनी कंबरदुखी, सांधेदुखी व थकव्याच्या तक्रारी सांगितल्या.

उपाय

वजन उचलण्याचा क्रमशः वाढवलेला व्यायाम व पुरेशी प्रथिने यांमुळे रजोनिवृत्तीनंतरही ताकद वाढते. ऊसतोडीचे श्रम मात्र त्याची जागा घेत नाहीत, कारण त्यांत विश्रांती व पोषण दोन्ही अपुरे पडतात. संप्रेरक-उपचारांचा ताकदीवरील परिणाम अभ्यासांत अल्प व विसंगत आढळला आहे. बीड जिल्ह्यात 2019 पासून खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली.