माग आणि पावती

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या घराचे कुलूप तोडून चोरी झाली. विम्याचा दावा निकाली निघायला सात महिने लागले. सर्वेक्षकाने आधी तुटलेला कोयंडा पाहिला. बळजबरीने शिरकाव झाल्याशिवाय ती घरफोडी ठरत नाही; पॉलिसीत तशी अट असेल तर ती पाळावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले आहे. मग त्याने पावत्या मागितल्या. आईच्या पाटल्यांची पावती नव्हती. “मी त्या तीस वर्षे पाहतेय,” शेजारच्या काकू म्हणाल्या. पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

विमा नव्हता तेव्हा भरपाई कोण देई, हा प्रश्न मला तेव्हापासून छळू लागला.

कौटिल्य म्हणतो, चोरीला गेलेला माल सापडला नाही तर राजाने तो स्वतःच्या द्रव्यातून भरून द्यावा. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही, तर दोष गावाच्या मुख्याचा. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालातही हीच रीत दिसते. गावचा जागल्या पावलांचे ठसे धरून शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावाची. माग हरवला तर जागल्याने ऐपतीप्रमाणे भरायचे, उरलेले गावाने.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. निरपराध, गरीब जागल्यावर दंड बसे. ही वसुली अन्यायाची आहे आणि ती पुरतेपणी क्वचितच होते, हे एल्फिन्स्टननेही नोंदवले आहे. त्यापेक्षा हजारो अनोळखी माणसांच्या हप्त्यांतून भरपाई मिळणे मला अधिक न्याय्य वाटते.

तरी एक फरक उरतो. तेव्हा चोरी झाली की गाव विचारी, माग कुठे गेला? कारण तो सापडला नाही तर भुर्दंड सगळ्यांना होता. आज मला विचारले गेले, वस्तू तुमचीच कशावरून? शोधण्याचे ओझे गावावर होते. सिद्ध करण्याचे ओझे माझ्यावर आले.

पोलिसांनी ‘गुन्हा खरा, तपास लागला नाही’ असे लिहून ए समरी दिली. टीव्ही आणि लॅपटॉपचे पैसे घसारा वजा होऊन आले. पाटल्यांचे आले नाहीत. त्या होत्या याची साक्षीदार आता शेजारच्या काकूच.