दुसरे भाऊसाहेब

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांचा मोड झाला, आणि त्या दिवसानंतर सदाशिवरावभाऊ आपल्या माणसांच्या दृष्टीस पडले नाहींत. विश्वासराव गोळी लागून पडले हें अनेकांनीं पाहिलें होतें. भाऊ घोड्यावर बसून गर्दींत शिरले, एवढेंच सांगणारे मागें उरले. पुढें शुजाउद्दौल्याच्या खटपटीनें रणांगण शोधलें गेलें. शिर नसलेलें एक धड भाऊंचें म्हणून ओळखण्यांत आलें व त्यास अग्नि देण्यांत आला. परंतु प्रेताची ओळख पटणें निराळें आणि मनाची खात्री होणें निराळें. महाराष्ट्राच्या मनाची खात्री झाली नाहीं.

ती ज्यांना मुळींच झाली नाहीं त्या पार्वतीबाई. उत्तर कोंकणांतील पेण हें त्यांचें माहेर. मिठागरांचें व खाडीच्या व्यापाराचें हें गांव बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. देशावर जाणारें मीठ याच बाजूनें घाट चढे. तेथील कोल्हटकरांच्या घराण्यांतील ही मुलगी भाऊंचें द्वितीय कुटुंब म्हणून शनिवारवाड्यांत आली. पानिपतच्या मोहिमेंत त्या पतीबरोबर गेल्या होत्या आणि त्या भयंकर दिवशीं सैन्याच्या धुमश्चक्रींतून जिवंत बाहेर पडल्या. पतीचा अंत झाल्याचें त्यांनीं स्वतः पाहिलें नव्हतें. म्हणून त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. पेशव्यांच्या घरांत, वर्षामागून वर्ष, कुंकू लावून वावरणारी ही स्त्री म्हणजे भाऊ परत येतील या आशेची जिवंत मूर्तिच होती. वाड्यांत ज्या गोष्टीचा मान राखला जातो तिच्यावर बाजारानें कां विश्वास ठेवूं नये?

शिवाय त्या आशेस राज्याच्या दुर्दशेचें खतपाणी मिळत गेलें. २३ जून १७६१ रोजीं नानासाहेब पेशवे शोकानें खचून पर्वतीवर वारले. थोरल्या माधवरावांनीं राज्य सांवरलें, पण १७७२ च्या नोव्हेंबरांत तेहि गेले. १७७३ च्या ऑगस्टांत नारायणरावांचा त्यांच्याच वाड्यांत खून झाला. १७७४ सालीं जन्मलेलें मूल पेशवा झालें, कारभार कारभाऱ्यांच्या हातीं गेला, आणि राघोबादादा इंग्रजांना घरांत घेऊन आले. अशा काळांत ‘भाऊ असते तर’ हे तीन शब्द जितके मनास दिलासा देणारे, तितकेच धोक्याचे होते. कारण ‘असते तर’ म्हणतां म्हणतां मन ‘असतील’ म्हणूं लागतें; आणि ‘असतील’ म्हणणाऱ्या गांवांत कोणीतरी ‘मीच तो’ म्हणणारा येतोच.

तो आला. बुंदेलखंडाकडील एक कनोजा ब्राह्मण, सुखलाल त्याचें नांव. चेहऱ्यामोहऱ्यानें भाऊंसारखा दिसतो असें लोक म्हणूं लागले, आणि त्यानें तें नाकारलें नाहीं. थोरल्या माधवरावांच्याच कारकीर्दींत त्याला पकडून आणलें गेलें, चौकशी झाली, आणि तो तोतया ठरला. तरीहि त्याला जिवें न मारतां किल्ल्यांवर कैदेंत ठेवण्यांत आलें. यामागें नुसती दया नसावी. ज्या घरांत भाऊंची पत्नी कुंकू लावून बसलेली आहे, त्या घरानें भाऊंच्या नांवाच्या माणसाचा वध करणें ही सोपी गोष्ट नव्हती. शेवटीं हा कैदी रत्नागिरीच्या किल्ल्यावर येऊन पडला.

१ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. राघोबादादांचा पक्ष हताश झाला, पण नाहींसा झाला नाहीं. त्याच वर्षीं रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीं कैद्यास मोकळें केलें आणि ‘हेच श्रीमंत भाऊसाहेब’ म्हणून द्वाही फिरविली. पाहतां पाहतां कोंकणपट्टी पेटली. किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हातीं आला. हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं गोळा झालीं. दक्षिणेकडून येणारी वाट कुंडलिकेच्या कांठचें रोहें, मग नागोठणें, मग पेण अशी उत्तरेस सरकते आणि पुढें बोरघाटाशीं भिडते. या पट्ट्यांतील लोकांना पुण्याचा दरबार दूर होता, आणि भाऊंचें नांव मात्र सोयरिकीनें जवळचें होतें. कांहींनीं भोळेपणानें विश्वास ठेवला, कांहींनीं नाना फडणिसांवरील रागानें, आणि कांहींनीं केवळ लुटीच्या आशेनें. तोतयाच्या फौजेला या तीन जातींच्या माणसांमध्यें निवड करण्याचें कारण नव्हतें.

आतां ज्या भाऊंची लोक वाट पाहत होते ते कोण होते हें आठवावें. चिमाजी अप्पांचा हा मुलगा १७४६–४७ च्या कर्नाटकच्या स्वारींत नांवारूपास आला. १७५० मध्यें सांगोल्याचें प्रकरण त्यानें मार्गीं लावलें. पुढें दिवाणगिरीचें, म्हणजे हिशेबाचें, जमाखर्चाचें, कर्जफेडीचें रुक्ष काम वर्षानुवर्षें केलें. आणि १७६० च्या आरंभीं उदगिरीस निजामाला नमविलें. तलवार आणि लेखणी या दोहोंवर सारखी हुकमत असलेला असा कारभारी पेशवाईंत क्वचित झाला. याच भाऊंनीं पानिपतही हरलें. त्यांचा स्वभाव मानी व तापट होता, आणि त्या मोहिमेंतील चुकांचा मोठा वांटा त्यांच्या पदरीं जातो, हेंहि इतिहासास सांगावें लागतें.

तोतयांत यांपैकीं कांहींच नव्हतें. हिशेब नव्हता, सैन्याची शिस्त नव्हती, राजकारण नव्हतें. पण त्याहून ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, पानिपतचा जाब त्याला कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं. ‘आमच्या एवढ्या माणसांचें काय केलेंत?’ हा प्रश्न खऱ्या भाऊंना पुण्यांत पाऊल टाकतांच घरोघर विचारला गेला असता. लोकांना हवे होते ते पानिपत न घडलेले भाऊ. असा पुरुष कधीं झालाच नव्हता. म्हणून त्याची जागा घ्यावयास मुद्रेचें थोडें साम्य पुरेसें झालें.

अलीकडच्या काळांत अमेरिकन चित्रकथांनीं या खेळास एक रीतसर रूप दिलें आहे. १९३८ सालीं अवतरलेला सुपरमॅन हा महाबली, त्याचें यान जर अमेरिकेऐवजीं सोव्हिएत रशियांत उतरलें असतें तर काय झालें असतें, अशी एक कथा २००३ मध्यें निघाली. त्या कथेंत बळ तेंच, उड्डाण तेंच, पण तो लोकांना सुखी करतां करतां त्यांचा हुकूमशहा होऊन बसतो. ‘असें झालें असतें तर’ याच नांवाची एक मालिका १९७७ पासून निघूं लागली. या समांतर विश्वांतील वीर वाचकांस बहुधा निराश करतात. पण तेथें निराशेची किंमत पुस्तकाच्या किंमतीएवढी असते. पान मिटलें कीं मूळचा वीर जागच्या जागीं सांपडतो.

इतिहासांत ती सोय नाहीं, आणि हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचाहि नाहीं. १५७८ मध्यें पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोंतील लढाईंत नाहींसा झाला. त्याच्या नांवानें एकामागून एक तोतये उभे राहिले, त्यांतला एक तर मिठाई विकणारा होता. आमच्या तोतयाच्या अगदीं जवळच्या काळांत, १७७३ मध्यें, रशियांत पुगाचेव नांवाच्या कोसॅकानें आपणच मारला गेलेला झार तिसरा पीटर असल्याचें जाहीर करून प्रचंड बंड उभारलें. १७७५ च्या जानेवारींत त्याचा शिरच्छेद झाला. जेथें मृत्यूचा पुरावा अपुरा आणि जिवंत राज्यकर्त्यांवर भरंवसा त्याहून अपुरा, तेथें तोतया पिकतो.

कोंकणांतील बंडाचा शेवट वेगानें झाला. तोतयाची फौज बोरघाटाच्या आसपास राजमाचीपर्यंत येऊन ठेपली आणि पुण्यास धाप लागली. तेव्हां महादजी शिंदे व भिवराव पानसे चालून गेले. महादजी स्वतः पानिपतांतून जखमी पायानिशीं वांचलेला. भाऊंना त्यानें पाहिलें होतें, आणि ज्या पायानें तो लंगडत चालत असे तो पाय त्या दिवसाची रोजची आठवण होता. त्याच्यापुढें सुखलालची भाऊगिरी टिकली नाहीं. फौज फुटली, आणि ‘भाऊसाहेब’ खाडी गांठून गलबतानें समुद्रांत निसटले. आसरा म्हणून ते कुलाब्यास गेले. तेथें राघोजी आंग्रे यांनीं त्यांस धरून पुण्याच्या स्वाधीन केलें. ज्या मुलखास १९८१ पर्यंत त्याच कुलाब्याचें नांव होतें आणि आज रायगड जिल्हा म्हणतात, त्याच मुलखांत हें नाटक रंगांत आलें आणि तेथेंच संपलें. पुन्हां चौकशी झाली, पुन्हां तोच निकाल लागला, आणि १८ डिसेंबर १७७६ रोजीं सुखलालला देहान्त शासन झालें. ‘तोतयाचें बंड’ हें नांव मात्र भाषेंत राहिलें, आणि न. चिं. केळकरांच्या त्याच नांवाच्या नाटकानें तें रंगभूमीवरहि आणलें.

या शासनानें कारभाऱ्यांचा प्रश्न सुटला, पार्वतीबाईंचा सुटला नाहीं. सुखलाल भाऊ नव्हता, हें सिद्ध झालें. भाऊ नाहींत, हें त्यानें सिद्ध होत नव्हतें. तोतयाच्या मागें गेलेल्या हजारोंना आपला वीर कोणत्याहि रूपांत परत हवा होता, आणि म्हणून मिळेल तें रूप त्यांनीं पत्करलें. पेणच्या या लेकीनें मात्र आशा सोडली नाहीं, आणि ती कोणा परक्याच्या अंगावर घालून तिचें समाधानहि करून घेतलें नाहीं. बंडानंतर सात वर्षें त्या त्याच वाड्यांत, त्याच कुंकवानिशीं राहिल्या. १७८३ मध्यें त्यांचें निधन झालें, आणि त्या वेळीं त्यांच्या उत्तरकार्याबरोबर भाऊंचेंहि उत्तरकार्य करण्यांत आलें, असें सांगतात. पानिपतास तेव्हां बावीस वर्षें लोटलीं होतीं.