वन्समोअर नाकारणारा गवई

आमच्या मामीने परवा फोनवर विचारलं, "काय रे, तो तुझा किंचाळणारा बाबा अजून गातो का?" मामीकडे राहून मी कॉलेज केलं, त्यामुळे रॉबर्ट प्लँट तिच्या कानांनी माझ्याइतकाच ऐकलाय, फक्त नाइलाजाने. :-)

तर मंडळी, गातो. जन्म २० ऑगस्ट १९४८चा, म्हणजे पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली. पण किंचाळत नाही. बरेच दिवस त्याच्यावर लिहायचं मनात होतं, मामीमुळे मुहूर्त लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे निम्म्या नातेवाइकांसाठी) थोडक्यात. इंग्लंडच्या मध्यभागात, बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेला हा पोरगा. १९६८ साली गिटारवादक जिमी पेज नवा बँड जमवत होता. त्याने आधी टेरी रीड नावाच्या गायकाला विचारलं. तो नाही म्हणाला आणि त्यानेच प्लँटचं नाव सुचवलं. प्लँटने येताना आपला दोस्त जॉन बॉनम याला ड्रम्सवर आणलं, बेसवर जॉन पॉल जोन्स, आणि 'लेड झेपेलिन' तयार. पुढची बारा वर्षं त्यांनी काय धुमाकूळ घातला ते सांगत बसत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे.

मला बोलायचंय ते त्या आवाजाबद्दल. विशीतल्या प्लँटचा आवाज म्हणजे वरच्या पट्टीत तळपणारं पातं. पण असे आवाज फार टिकत नाहीत. जून १९७२ मधल्या अमेरिकेतल्या मैफिली 'हाऊ द वेस्ट वॉज वन' या नावाने २००३ साली बाहेर आल्या. त्या ऐका आणि मग जुलै १९७३ मधल्या न्यूयॉर्कच्या मैफिलींचं 'द साँग रिमेन्स द सेम' ऐका. मधे जेमतेम एक वर्ष. पण काही ठिकाणी तो वर जायचं टाळतो, सूर खालून वळवून घेतो. वय अवघं चोवीस! लोकांनी आयुष्यभर ज्या आवाजाची आठवण काढली, तो खरं तर चारपाच वर्षंच पूर्ण ताकदीने होता.

मग एकामागून एक घाव. ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर मोटारीचा अपघात झाला. पुढचा आल्बम त्याने चाकाच्या खुर्चीत बसून गायला. जुलै १९७७ मध्ये बँड अमेरिकेत दौऱ्यावर असताना त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक आजारपणाने अचानक गेला. दौरा तिथेच थांबला. प्लँटने गाणं सोडून शिक्षक व्हायच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. त्याला परत आणला तो बॉनमने. आणि २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनमच गेला, दारूने. डिसेंबरात बँड बंद झाल्याचं जाहीर झालं. प्लँट तेव्हा बत्तीस वर्षांचा.

इथून पुढचा प्लँट मला जास्त जवळचा वाटतो. आमच्या कॉलेजातल्या कंपूला हे कधीच पटलं नाही. त्यांच्या लेखी १९८०ला पुस्तक मिटलं.

१९८२पासून तो एकट्याच्या नावाने गाऊ लागला आणि सुरुवातीच्या दौऱ्यांत त्याने झेपेलिनचं एकही गाणं गायचं नाही असं ठरवलं. लोक ओरडायचे, तो दाद देत नसे. आपल्याकडे वन्समोअरची परंपरा काय आहे हे मी सांगायला नको. नाटक संपता संपता पहाट व्हायची म्हणतात. बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका केल्या, लोकांनी त्याही डोळ्यांत पाणी आणून पाहिल्या. त्यात कमीपणा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण प्रेक्षकांना हवं ते त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा होत राहणं ही एक वाट, आणि 'नाही' म्हणणं ही दुसरी. दुसरीवर माणूस एकटा पडतो.

एकदा तो बधला होता. जुलै १९८५, 'लाइव्ह एड', फिलाडेल्फिया. तयारी नाही, गळा बसलेला, कोणाचा कोणाशी मेळ नाही. पुढे त्या कार्यक्रमाच्या डीव्हीडी निघाल्या, तेव्हा आपला भाग घ्यायला त्यांनी परवानगीच दिली नाही.

१९९४ मध्ये तो आणि पेज पुन्हा एकत्र आले, पण मोरोक्कोतले आणि इजिप्तचे वादक घेऊन, जुनी गाणी पार उसवून. (जोन्सला मात्र बोलावलंच नाही. हे काही बरं केलं नाही.) पूर्वेची ही ओढ जुनीच. १९७२ साली हे दोघे आपल्या मुंबईत येऊन गेले, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवून गेले आणि स्टुडिओत मुंबईच्या वादकांबरोबर दोन गाणीही करून गेले. ती रेकॉर्डिंग २०१५ साली अधिकृतपणे निघाली. फार ग्रेट आहेत असं नाही, तबला बिचारा ठेका शोधतोय असं वाटतं, पण ऐकताना मजा येते. जानेवारी २००३ मध्ये तर हा गडी मालीमध्ये टिंबक्टूजवळच्या वाळवंटातल्या महोत्सवात जाऊन गायला.

आता २००७. ऑक्टोबरात अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकन ब्लूग्रास गायिकेबरोबर त्याचा 'रेझिंग सँड' आला. आयुष्यभर हा माणूस पुढे उभा राहून एकटा गायलेला, मनाला येईल तशी तान बदलणारा. जोडीने गायचं म्हणजे दोन आवाज एकमेकांना धरून चालले पाहिजेत, दर वेळी तोच सूर त्याच जागी लागला पाहिजे. साठीला टेकलेला प्लँट तिच्याकडून ते शिकला. मला इथे कुमार गंधर्व आठवतात. तुलना नाही करत, उगाच कोणी अंगावर येऊ नका. पण क्षयातून उठल्यावर कुमारांनी जो श्वास उरला होता त्याचीच गायकी केली आणि माळव्याची लोकगीतं जवळ केली. गेलेलं परत आणायचा हट्ट न धरता उरलेल्यात काय आहे ते पाहणं, एवढंच साम्य.

दोनच महिन्यांनी, १० डिसेंबर २००७ रोजी, लंडनमध्ये लेड झेपेलिनचा एक कार्यक्रम झाला. बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी दोन कोटींच्या वर अर्ज आल्याचं सांगतात. कार्यक्रम झकास झाला. आता जगभर दौरा होणार असं सगळे धरून चालले होते. मीही. प्लँट क्राउसबरोबर दौऱ्यावर निघून गेला आणि २००८ साली त्याने स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. माझा जीव तेव्हा खूप जळला, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी २००९ मध्ये 'रेझिंग सँड'ला पाच ग्रॅमी मिळाले, वर्षातला सर्वोत्तम आल्बम धरून.

गुणगान फार झालं, तेव्हा एक दुसरी बाजूही. झेपेलिनने काळ्या ब्लूज गायकांचं बरंच काही न विचारता घेतलं. 'होल लोटा लव्ह'मधल्या शब्दांवरून विली डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे गाण्यावर त्याचंही नाव लागलं. शब्द प्लँटच्या तोंडचे होते, त्यामुळे ही जबाबदारी त्याचीच. भक्तांना हा विषय आवडत नाही. पण नंतरच्या वर्षांत तो जुनी गाणी मूळ गायकाचं नाव सांगत गातो, हे त्या पार्श्वभूमीवर मला महत्त्वाचं वाटतं.

२०१९पासून तो 'सेव्हिंग ग्रेस' नावाच्या मंडळींबरोबर लहान लहान हॉलमधून गाऊ लागला. घराजवळच्या भागातले, फारसे नाव नसलेले वादक, आणि सोबत सूझी डायन ही गायिका. काही गाण्यांत ती पुढे गाते आणि हा मागे आवाज धरतो. त्यांचा आल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला. अधे ऑक्टोबर २०२३ मध्ये एका धर्मादाय कार्यक्रमात त्याने 'स्टेअरवे टू हेवन' गायलं, २००७नंतर पहिल्यांदा. खालच्या पट्टीत, शांतपणे, कुठेही ताण नाही.

ज्यांना ऐकून बघायचंय त्यांनी 'प्लीज रीड द लेटर' हे एकच गाणं घ्या. पेज आणि प्लँटने ते १९९८ साली केलं, गिटार जोरात, आवाजही चढा. नऊ वर्षांनी 'रेझिंग सँड'मध्ये क्राउसबरोबर तेच गाणं संथ लयीत, दोन आवाजांत. लागोपाठ ऐका. १९९८चं आधी.