काचपट्टीवरचा विळा

वर्ष १९५८. नागपूर अजून मुंबई राज्यात आहे. बाहेर ऊन रणरणतंय आणि तुम्ही प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकला आहात. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब, वर पातळ काच. हवा शिरू नये म्हणून कडा बंद केलेल्या. थोडं थांबा. आतला प्राणवायू सरत जातो, तशा गोल तांबड्या पेशी ताणल्या जातात, टोकदार होतात, विळ्यासारख्या वाकतात. याच वर्षी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेल या आजारावरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलाय. विदर्भातल्या कितीतरी घरांत लेकरांचे हातपाय का ठणकतात, ते आता तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय.

चूक डीएनएच्या एका अक्षराची आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ बसलाय.

आता २०२३मध्ये या. पिकलेल्या तांबड्या पेशीत डीएनए नसतोच, म्हणून तुम्ही उपचारासाठी रुग्णाच्या शरीराबाहेर काढलेल्या, रक्त घडवणाऱ्या मूळ पेशीत उतरला आहात. तिथे सोडलेलं कॅस-९ हे प्रथिन डीएनएच्या दोन्ही पट्ट्या कापतं. चुकलेल्या अक्षराला ते हात लावत नाही. ते कापतं बीसीएल११ए या जनुकाचं बटण. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन जवळजवळ बंद पाडणारं जनुक हेच.

दोन टोकं मोकळी पडली. डीएनए असा तुटला की पेशी मरूही शकते. पण बघा, ‘कू’ नावाचं प्रथिन प्रत्येक टोकावर कड्यासारखं चढलं. त्याने डीएनए-पीके या दुसऱ्या प्रथिनाला बोलावलं, दोन्ही टोकं समोरासमोर धरली गेली, आणि लायगेज-४ ने ती सांधली. या घाईत काही अक्षरं गळतात, काही जास्तीची घुसतात. एरवी धोक्याची असलेली ही ढिलाई इथे हवीच आहे: बटण निकामी होतं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं आणि तांबड्या पेशींचं वाकणं टळतं.

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने या उपचाराला जगात पहिली मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत माणशी २२ लाख डॉलर ठरली. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतले शास्त्रज्ञ परवडणारा देशी उपचार घडवण्याच्या मागे आहेत. त्यांना बळ मिळालंच पाहिजे. सांधण्याचं काम पेशीतली प्रथिनं फुकट करतात. महाग आहे ते त्यांच्यापर्यंत पोचणं. गडचिरोलीहून नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात येणाऱ्या एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आईवडील दोघांकडूनही चुकलेलं जनुक मिळालेल्या लेकराला हा उपचार तिथेच मिळायला हवा.