बोटांखालची नक्षी

सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर चढण्याआधी दोनदा लिहिली जाते : एकदा चौकटीच्या कागदावर रंगांनी, आणि पुन्हा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रांनी. बाण्याच्या एका फेरीला एक पट्टी. जिथे छिद्र, तिथे ताण्याचा धागा उचलला जातो. ल्योंच्या जकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रीत, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हाती पुढे सोलापूरची ओळख झाली.

पुठ्ठे पाडण्याच्या एका यंत्राला वस्त्रव्यवसायात ‘पियानो’ म्हणतात. कारागीर कागदावरची ओळ वाचतो, बोटांनी कळा दाबून छिद्रांच्या जागा ठरवतो आणि पायाच्या दाबाने ती पाडतो. नजर मात्र नक्षीवरून ढळत नाही. आज आपण ज्याला ‘कीबोर्ड शॉर्टकट’ म्हणतो त्याचे मर्म वस्तुतः एवढेच आहे : कृती बोटांच्या स्वाधीन करावी आणि डोळे कामावर ठेवावेत.

संगणकावरील आरेखनाचा प्रारंभही असाच झाला. आयव्हन सदरलँड यांच्या १९६३ च्या ‘स्केचपॅड’मध्ये एका हाती प्रकाशलेखणी असे, आणि रेघ काढणे, हलवणे, पुसणे यांच्या कळा दुसऱ्या हाताखाली. आयबीएममधील जेनिस लूरी यांनी त्याच दशकात पडद्यावर काढलेली नक्षी थेट मागापर्यंत नेली. त्या पद्धतीचे पेटंट १९७० मध्ये मिळाले. पुढे माउस आणि मेनू रूढ झाले. मेनूने नवशिक्याला धीर दिला, पण सरावलेल्या हाताला दर वेळी तोच लांबचा फेरा घालायला लावला. १९८४ च्या मॅकिंटॉशने झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळांवर चार आज्ञा बसवल्या. उजवा हात माउसवर असताना डावा हात पुन्हा कामाला लागला.

परंतु त्या चार कळा कोणाच्या कामातून निघाल्या? कापणे, चिकटवणे ही मजकुराच्या मेजावरची पुनरावृत्ती. चादरीच्या नक्षीकाराची पुनरावृत्ती वेगळी : अर्धा मोर उलटवून पूर्ण करणे, काठाची नक्षी मोजून सरकवणे, रंगाच्या जागी वीण भरणे, बाण्यात न गुंतता फार लांब सुटलेला धागा हेरणे. या कृती मेनूच्या तिसऱ्या पायरीवर राहिल्या, तर कारागिराचा दिवस त्या पायऱ्या चढण्यातच जातो. शिवाय ‘कॉपी’साठी ‘सी’ ही खूण इंग्रजी जाणणाऱ्याच्याच स्मरणाला आधार देते. घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोललेल्या नक्षीकाराला ती केवळ कळफलकावरची एक जागा असते. पियानोच्या कळांना अर्थ होता तो जागेचाच, अक्षराचा नव्हे.

म्हणूनच नक्षीच्या प्रणालीत कळांची योजना करताना प्रथम विचारायला हवे ते हे, की या हाताला दिवसभरात शंभरदा काय करावे लागते. आणि कळा बदलण्याची मुभा त्या हातालाच द्यायला हवी. एक धोका त्यातही आहे. जे बोटाखाली येते ते अधिक घडते. उलटवणे आणि जोडणे फार सोपे झाले, तर सगळेच मोर एका साच्यातले निघतील. साधन नुसते वेळ वाचवत नाही, ते रुचीही घडवते.

१९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले आणि तिथे पुठ्ठ्याची गरजच उरली नाही. पुठ्ठा जाण्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. मात्र तो पाडणाऱ्याच्या बोटांत साठलेले ज्ञान नव्या कळफलकापर्यंत पोहोचवायचे, तर ते त्याच्याशेजारी बसूनच टिपून घ्यावे लागेल. ते नियमपुस्तकात कधी उतरलेच नव्हते.