तळटीप १७ : ‘कॅश उडाला’

१७. कॅश : लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतील ‘क्रेडेन्शियल कॅश’ ही सोय; २०१२ च्या १.७.९ आवृत्तीपासून उपलब्ध. एचटीटीपीएस पत्त्यावर कोड पाठवताना वा आणताना नाव-पासवर्ड एकदा दिला, की पडद्याआड चालणारा छोटा प्रोग्राम तो मेमरीत धरून ठेवतो, डिस्कवर लिहीत नाही. वेगळी मुदत सांगितली नसेल तर ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटे. चहाला खाली गेलेल्या लेखिकेला परतल्यावर पुन्हा पासवर्ड विचारला जातो, तो यामुळे. ‘टाइमआउट’ने मुदत वाढवता येते, ‘एक्झिट’ आज्ञा दिली किंवा संगणक बंद केला, की सगळे पुसले जाते. पुढच्या प्रकरणातील ‘स्टोअर’ मात्र वेगळे. ते पासवर्ड कोणतेही कुलूप न लावता साध्या मजकूर-फाइलीत कायमचा ठेवते. सामायिक संगणकावर ते वापरणे हा निव्वळ आळस. एसएसएच किल्लीने काम करणाऱ्यांचा या दोहोंशी संबंध येत नाही. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे थांबवले. त्यानंतरच्या नोंदींत, गिटहबपुरते, ‘पासवर्ड’ म्हणजे टोकन समजावे. — संपा.